लेंड्यांवरून कळतं सशाचं पोट

सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या नेहमीपेक्षा कमी, बारीक किंवा केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसल्या, की ससा पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो यायलाच हवा.

अशा लेंड्या आतडं मंदावल्याची खूण असू शकतात, आणि सशाला उलटी करून पोट मोकळं करता येत नाही. आतडं मंदावलं की वायू साठतो, पोट दुखतं, ससा खाणं सोडतो आणि आतडं आणखीच थंडावतं. ससा स्वतःच्या मऊ, चकचकीत लेंड्या खातो, त्याची मात्र किळस नको. त्यांतून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात.

दुखण्याचं मूळ बरेचदा आहारात असतं. गाजर हा गोड खाऊ, जेवण नव्हे. आतडं हलतं ठेवतं ते सुकं गवत. ते दिवसभर समोर हवं.

दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल, तर उद्यावर ढकलू नका. लगेच पशुवैद्याकडे न्या.