प्रवासाचा जाब कोणी द्यायचा?

मुंबईतल्या माहुलच्या शेजारी 1950च्या दशकात तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले. तेव्हापासून तिथल्या रस्त्यांना टँकरची सवय झाली आहे. आत काय भरले आहे हे सांगणारी पाटी टँकरवर लागते, चालकाला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, अपघात झाल्यास काय करायचे याचा कागद केबिनमध्ये ठेवावा लागतो. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत धोकादायक माल पाठवणाऱ्याची, गाडीमालकाची आणि चालकाची जबाबदारी स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. माहुलच्या उत्तरेला काही किलोमीटरवर देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना आहे. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून तिथे बोकड येतात, तेही याच नियमावलीच्या अमलाखाली. 1 जानेवारी 2016पासून लागू झालेल्या नियम 125-ईने त्यांना दिले ते मुख्यतः जागेचे माप आणि गाडीतले कप्पे: शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर, गाय-म्हशीला 2 चौरस मीटर. माप गरजेचे आहेच. पण जनावरांच्या शेवटच्या प्रवासातले हाल मुख्यतः माप नसल्यामुळे होत नाहीत. कोणत्या टप्प्यावर कोण जबाबदार, हे ठरवून त्याला जाब विचारला जात नाही, म्हणून होतात.

हे हाल नेमके कुठे होतात? सुरीखालचा काळ थोडा असतो. त्याआधीचा दिवस-दीड दिवस लांब असतो. गाडीत चढायला रॅम्प नसला की बोकडाला शिंगाला, कानाला किंवा मागच्या पायाला धरून फाळक्यावरून आत ढकलले जाते. गाडी सुटली की प्रत्येक ब्रेकला आणि वळणाला त्याला पाय रोवून तोल सांभाळावा लागतो. मूत्र आणि लेंड्यांनी तळ निसरडा होतो, आणि खाली भुसा किंवा पेंढा अंथरलेला नसेल तर खुराला पकड मिळत नाही. दाटीत एक जनावर बसले की त्याच्यावर दुसरे पाय देते. अनोळखी कळपांतले नर एकत्र आले की टकरा सुरू होतात. भीती आणि श्रम यांनी स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपतो. एरवी कापल्यानंतर याच साठ्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि मांसाचा सामू सातच्या आसपासून साडेपाचच्या जवळ उतरतो. साठाच नसेल तर सामू सहाच्या वर राहतो. मांस गडद, घट्ट आणि कोरडे दिसते आणि लवकर खराब होते. मुका मार लागलेला भाग रक्ताळतो आणि कापून टाकावा लागतो. वाटेत वजन घटते ते वेगळेच. म्हणजे जनावराच्या वेदनेची नोंद त्याच्या मांसात राहते, फक्त ती वाचून कुणाला विचारले जात नाही.

देवनारचा कत्तलखाना 1971 साली सुरू झाला. त्याआधी हे काम वांद्र्याला चालत असे. नव्या जागेचे आवार सुमारे 64 एकरांचे. 2001च्या केंद्रीय कत्तलखाना नियमांनुसार पशुवैद्यकीय तपासणीनंतर जनावराला 24 तास विश्रांती द्यायची असते, विश्रांतीच्या कोठारात लहान जनावरामागे 1.6 चौरस मीटर जागा लागते, आणि एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. हिशेब करून पाहावा: रोज हजार बोकड कापायचे तर किमान 11 पशुवैद्यक आणि 1,600 चौरस मीटर कोठार हवे. बकरी ईदच्या बाजारात मात्र देवनारला येणाऱ्या बोकडांचा आकडा दीड लाखाच्या घरात जातो. ते सगळे एकाच दिवशी नसतात आणि कोठाराचे माप बाजाराला लागू नाही, पण अंदाजासाठी तेच माप लावले तर जवळपास 60 एकर लागतील, म्हणजे जवळजवळ अख्खे आवार. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे येते. 2023 साली ती 29 जूनला होती, 2025 साली 7 जूनला. यापुढची काही वर्षे ती मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात येणार. सावली, पाणी आणि हवा यांची व्यवस्था तेव्हा आजच्यापेक्षा जास्त कसोटीला लागेल.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रवंथ करणाऱ्या जनावराचा स्नायूंतला साठा भरून यायला दिवसच्या दिवस लागतात. त्यामुळे 24 तासांची विश्रांती आवश्यक असली तरी मार्गातले नुकसान ती पुसू शकत नाही. गाडीत घडलेले कोठारात दुरुस्त होत नाही. मग गाडीतली दाटी का टिकून राहते? कारण भाडे खेपेचे असते. 17 फूट लांब आणि 7 फूट रुंद हौद्यात नियमाप्रमाणे 36 बोकड बसतात. तिथे 72 चढवले की एका बोकडामागचे भाडे निम्मे होते. मुका मार, घटलेले वजन, वाटेत मेलेले जनावर यांचे ओझे कधी व्यापाऱ्यावर, कधी खाटकावर, कधी गिऱ्हाइकावर पडते. चढवणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ क्वचितच लागते. भीती घालण्यासाठी कायदा आहे, पण 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. दाटीतून जे वाचते त्याच्या तुलनेत हा दंड नगण्य आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, जे मरणारच आहे त्याच्या प्रवासाची एवढी काळजी कशाला? कायद्यानेच याचे उत्तर दिले आहे. अन्नासाठी किंवा धर्मासाठी मारणे त्याने गुन्हा ठरवलेले नाही. विनाकारण वेदना देणे ठरवले आहे. मांस खावे की नाही हा वाद शतकानुशतके चालला आहे आणि पुढेही चालेल. तो मिटेपर्यंत बोकडाला पाणी द्यायचे थांबवता येत नाही. दुसरा आक्षेप धर्माचा. पण जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकाचे कापणे दुसऱ्याला दिसू नये, हे इस्लामी परंपराच सांगते, आणि लंगडे किंवा जखमी जनावर कुर्बानीला चालत नाही. म्हणजे धर्मनिष्ठ गिऱ्हाईक हा या सुधारणेचा विरोधक नसून तिचा सर्वांत मोठा हितसंबंधी आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. रॅम्प, पेंढा आणि पाणी यांना खर्च लागतोच, पण आज तो घटलेल्या वजनातून आणि फेकलेल्या मांसातून आपण भरतच आहोत.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो अनुभवातून येतो. वाहतुकीच्या नियमांचा धाक दाखवून रस्त्यात गाड्या अडवणे, पैसे उकळणे, मारहाण करणे हे देशभर घडले आहे. झुंडीच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाला 2018 साली राज्यांना निर्देश द्यावे लागले. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आल्यावर गुरांच्या गाड्यांकडे संशयाने पाहणे वाढले. अशा वातावरणात नियम आणखी कडक करा म्हणणे व्यापाऱ्याला धमकीसारखे वाटणे साहजिक आहे. पण त्यावर उपाय नियम सैल करणे हा नाही. तपासणीची जागा बदलणे हा आहे. ती हमरस्त्यावर, जमावाच्या हाती नको. चढवण्याच्या बाजारात आणि उतरवण्याच्या धक्क्यावर, पशुवैद्यकाच्या हाती हवी. गाडी रस्त्यात जितकी जास्त वेळ अडवावी, तितके आतल्या जनावराचे हाल वाढतात, ही साधी गोष्ट अडवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यायला हवी.

आज उतरल्यावरची तपासणी जनावर कापण्यास योग्य आहे की नाही एवढे सांगते. प्रवासाचा जाब विचारत नाही. तिथेच सुधारणा करता येईल. धक्क्यावर प्रत्येक खेपेची नोंद व्हावी: किती मेलेली, किती लंगडणारी, किती पडून उठू न शकणारी. कापल्यानंतर मुक्या माराचा भाग मोजला जावा. ही माहिती चढवणाऱ्यापर्यंत आणि गाडीमालकापर्यंत परत जावी, आणि वारंवार वाईट नोंद असणाऱ्याला पुढच्या खेपेसाठी धक्का मिळू नये. लांबच्या खेपांना वाटेत पाणी आणि विश्रांतीचे ठरलेले थांबे असावेत. ईद सोडून उरलेल्या वर्षभरात, जिथे गिऱ्हाईक मान्य करेल तिथे, जिवंत जनावराऐवजी थंड मांस आणण्याचाही विचार व्हावा. माहुलमधून निघणाऱ्या टँकरसाठी पाठवणारा, मालक आणि चालक यांची नावे आपण वेगवेगळी लिहायला शिकलो. देवनारच्या धक्क्यावर थांबणाऱ्या बोकडांच्या गाडीलाही हाच न्याय लावायला हवा. महापालिकेने सुरुवात नोंदवहीपासून करावी. तिला नवा कायदा लागत नाही.