पहिल्या जानेवारीचा चवळीभात

अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकन-अमेरिकन घरांत नववर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी घालून भात होतो. त्याचं नाव हॉपिंग जॉन. चवळी म्हणजे नाणी, सोबतची कोलार्डची पालेभाजी म्हणजे नोटा आणि मक्याचा पाव म्हणजे सोनं, असं घरातली थोरली मंडळी सांगतात. वर्ष बरकतीचं जावं म्हणून हा शकुनाचा घास घ्यायचा. त्या शकुनामागे मात्र फार मोठी किंमत मोजलेली आहे.

गुलामगिरीच्या काळात १ जानेवारी हा धास्तीचा दिवस होता. देणी फेडण्यासाठी मालक माणसं विकत किंवा वर्षभराच्या करारानं दुसऱ्याकडे भाड्यानं देत. हॅरिएट जेकब्स यांच्या १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात अशाच एका दिवशी सातही मुलं लिलावात गमावलेली आई भेटते. मग १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मुक्तिघोषणेनं बंडखोर राज्यांतले गुलाम स्वतंत्र जाहीर झाले. आदली रात्र काळ्या समाजानं चर्चमध्ये जागून काढली. ‘वॉच नाइट’चं ते जागरण आजही होतं. साउथ कॅरोलायनात ब्यूफर्टजवळच्या कॅम्प सॅक्स्टनमध्ये ओक वृक्षांखाली घोषणा वाचली गेली आणि बैल भाजून मोठी जेवणावळ झाली. ताटातुटीच्या तारखेला सण आला.

हॉपिंग जॉनही साउथ कॅरोलायनाच्या याच किनारपट्टीचा. चवळी मुळात आफ्रिकेची. तिथून ती प्राचीन काळीच भारतात आली आणि पुढे गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत गेली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भातशेतीही फार जुनी. म्हणूनच चार्ल्सटनमधल्या अठराव्या शतकातल्या विक्रीच्या जाहिरातींत माणसं ‘राइस कोस्ट’वरून आणल्याचं आवर्जून छापलं जाई. या माणसांनी दलदल उपसून बांध घातले, भरतीच्या रेट्यानं चढणारं नदीचं गोडं पाणी खाचरांत घेतलं, ओहोटीला सोडलं. उखळात भात कांडला, गवताच्या पसरट टोपल्यांत पाखडला. ‘कॅरोलायना गोल्ड’ तांदळावर मळेवाले गबर झाले. या भातशेतीमागे आफ्रिकी शेतकऱ्यांचं ज्ञान होतं, हे जुडिथ कार्नी यांनी ‘ब्लॅक राइस’ (२००१) या ग्रंथात साधार मांडलं.

सारा रटलेज यांच्या ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’ (१८४७) या पुस्तकात या भाताची कृती आहे. एक पाइंट लाल चवळी, तेवढाच तांदूळ, एक पौंड बेकन. चवळी अर्धी शिजली की बेकन, पुरती शिजली की खडे काढून धुतलेला तांदूळ. अर्धा तास उकळल्यावर भांडं निखाऱ्यांवर वाफेला ठेवायचं. लेखिका चार्ल्सटनच्या प्रतिष्ठित घराण्यातल्या. तशा घरांत चुलीपुढे मात्र गुलाम बायका राबत.

आज बहुतेक घरांत पांढरी, काळ्या डोळ्याची चवळी वापरतात. ती रात्रभर भिजवून, कांदा आणि धुरावलेलं डुकराचं मांस घालून मंद आचेवर शिजवायची. डुक्कर न खाणारे धुरावलेली टर्की घालतात. दाणा मऊ हवा, पण फुटायला नको. खरी चव उतरते ती उकडीच्या पाण्यात, म्हणून तांदूळ त्याच पाण्यात शिजवायचा. झाकण ठेवल्यावर ढवळायचं नाही, म्हणजे शीत न् शीत मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाताला ‘स्किपिंग जेनी’ म्हणतात. घानामधला ‘वाचे’ हा भातही असाच चवळी-तांदळाचा.

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेली. त्यांच्याबरोबर हा भातही गेला. इकडे दक्षिणेत किनाऱ्यालगतच्या बेटांवरच्या गला-गीची समाजानं लाल चवळीचं बियाणं जपलं. ‘द कुकिंग जीन’ (२०१७) लिहिणारे मायकेल ट्विटी जुन्या मळ्यांवर, त्या काळच्या वेशात, उघड्या चुलीवर रांधून दाखवतात आणि इथं कोण रांधत होतं तेही सांगतात. पाककृतीत जिन्नस आणि प्रमाण छापून भागत नाही. शेत कोणी पिकवलं आणि भांडं कोणी चढवलं, याची नोंदही कृतीइतकीच जपायला हवी. हॉपिंग जॉनच्या बाबतीत ती नोंद आता कुठे नीट होऊ लागली आहे.