अ‍ॅफिलिएटेड (इंग्रजी शब्द)

अ‍ॅफिलिएटेड हे इंग्रजी भाषेतील एक विशेषण आहे. एखादी संस्था किंवा व्यक्ती आपले वेगळे अस्तित्व राखून दुसऱ्या, बहुधा मोठ्या संस्थेशी औपचारिकरीत्या जोडलेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. या जोडणीला 'अ‍ॅफिलिएशन' म्हणतात. मराठीत या शब्दांसाठी अनुक्रमे 'संलग्न' आणि 'संलग्नता' किंवा 'संलग्नीकरण' हे प्रतिशब्द रूढ आहेत. भारतात हा शब्द मुख्यतः विद्यापीठ आणि महाविद्यालय यांच्या संबंधात वापरला जातो. दोन संस्थांमध्ये संबंध आहे एवढेच हा शब्द सांगतो. तो संबंध कोणत्या बाबतीत आणि कोठवर आहे, हे संदर्भावरून ठरते.

व्युत्पत्ती

हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील 'अफिलिआरे' या क्रियापदापासून आला आहे. 'अद्' म्हणजे 'कडे' आणि 'फिलिउस' म्हणजे 'पुत्र'. त्यावरून 'पुत्र म्हणून स्वीकारणे, दत्तक घेणे' हा मूळ अर्थ सिद्ध होतो. इंग्रजीत तो अठराव्या शतकात रूढ झाला.

पितृत्वाचा हा मूळ अर्थ इंग्लंडच्या कायद्यात दीर्घकाळ टिकून होता. विवाहबाह्य अपत्याचा पिता कोण हे ठरवून त्याला पोषणखर्च देण्यास भाग पाडणाऱ्या न्यायालयीन आदेशाला 'अ‍ॅफिलिएशन ऑर्डर' म्हणत. यासंबंधीचा १९५७ चा कायदा १९८७ च्या कौटुंबिक कायदा सुधारणेने रद्द झाला.

'संलग्न' हा मराठी प्रतिशब्द संस्कृतातील 'लग्' म्हणजे चिकटणे, जोडले जाणे या धातूपासून 'सम्' हा उपसर्ग लागून बनला आहे. विवाह या अर्थाचा 'लग्न' हा शब्दही याच धातूचा. लॅटिन शब्दाच्या मुळाशी दत्तक पुत्राची कल्पना आहे, तर संस्कृत शब्दाच्या मुळाशी चिकटून असण्याची.

उच्चार आणि व्याकरण

'अ‍ॅफिलिएट' हा शब्द क्रियापद आणि नाम अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो. क्रियापदाच्या शेवटी 'एट' असा दीर्घ उच्चार होतो, तर नामाचा शेवट 'इट'सारखा आखूड उच्चारला जातो. स्पेलिंगमध्ये 'एफ' हे अक्षर दोनदा, तर 'एल' एकदाच येते. अनेकदा याच ठिकाणी चूक होते. ब्रिटिश इंग्रजीत या शब्दानंतर 'टू' आणि अमेरिकन इंग्रजीत 'विथ' हे शब्दयोगी अव्यय अधिक आढळते. मराठीत 'विद्यापीठाशी संलग्न' आणि 'विद्यापीठाला संलग्न' अशा दोन्ही रचना प्रचलित आहेत.

उच्च शिक्षणातील वापर

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांची रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी ही विभागणी होती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने संलग्नतेच्या अटी अधिक कडक केल्या.

विद्यापीठाचे कार्यक्षेत्र बदलले की संलग्नताही बदलते. गोव्यातील महाविद्यालये पूर्वी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर ती त्याच्याशी जोडली गेली.

विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्य कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. संलग्न महाविद्यालय स्वतः पदवी देऊ शकत नाही. त्याच्या विद्यार्थ्याला पदवी विद्यापीठाकडून मिळते. त्यामुळे संलग्नता हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने पदवीचा आधार ठरतो.

संलग्नता ही महाविद्यालयाला सरसकट मिळत नाही. ती ठराविक अभ्यासक्रमांसाठी किंवा विषयांसाठी दिली जाते. एका अभ्यासक्रमास ती असली, तरी त्याच इमारतीत चालणाऱ्या दुसऱ्या अभ्यासक्रमास ती असेलच असे नाही. काही वेळा ती मर्यादित मुदतीची असते. म्हणून फलकावर किंवा माहितीपत्रकात 'संलग्न' हा शब्द दिसला, तरी कोणत्या विद्यापीठाशी, कोणत्या अभ्यासक्रमासाठी आणि कोणत्या वर्षापर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही.

स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम स्वतः आखतात आणि परीक्षाही घेतात. तरीही ती विद्यापीठाशी संलग्न राहतात आणि पदवी विद्यापीठच देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट मांडले आहे.

जवळचे पण वेगळे शब्द

* मंजुरी (अ‍ॅप्रूव्हल): अभ्यासक्रम चालवण्यास नियामक संस्थेने दिलेली परवानगी. तंत्रशिक्षणात ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते. मंजुरी आणि संलग्नता या दोन वेगळ्या संस्थांकडून मिळणाऱ्या वेगळ्या गोष्टी आहेत.
* अधिस्वीकृती (अ‍ॅक्रेडिटेशन): गुणवत्तेचे मूल्यांकन. भारतात हे काम १९९४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) करते. उत्तम श्रेणी मिळाली, तरी तिच्यामुळे पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही.
* जोडलेले (अटॅच्ड): वैद्यकीय महाविद्यालयाच्या 'अटॅच्ड' रुग्णालयालाही मराठीत 'संलग्न रुग्णालय' म्हणतात. येथे मूळ इंग्रजी शब्द वेगळा असून अध्यापनासाठी जोडलेले रुग्णालय एवढाच त्याचा अर्थ आहे.
* उपकंपनी (सब्सिडिअरी): मूळ कंपनीच्या नियंत्रणाखालील कंपनी. 'अ‍ॅफिलिएट' हा शब्द त्याहून सैल असून एकाच नियंत्रणाखालील दोन भगिनी कंपन्यांनाही तो लावला जातो.

इतर क्षेत्रांतील वापर

अमेरिकेत राष्ट्रीय दूरचित्रवाणी जाळ्याचे कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या, पण दुसऱ्याच्या मालकीच्या स्थानिक केंद्रांना 'अ‍ॅफिलिएट' म्हणतात. क्रीडाक्षेत्रात राज्य संघटना राष्ट्रीय संघटनेशी आणि राष्ट्रीय संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न असतात. कामगार संघटना मध्यवर्ती महासंघांशी अशाच जोडलेल्या असतात. संशोधनपर लेखात लेखकाच्या नावाखाली छापलेल्या संस्थेच्या नावालाही 'अ‍ॅफिलिएशन' म्हणतात.

मानसशास्त्रात हा शब्द माणसांच्या सहवासाची आणि आपलेपणाची गरज दर्शवतो. हेन्री मरे यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या गरजांच्या यादीत तिचा समावेश होता. पुढे डेव्हिड मॅक्लेलँड यांनी संपादन आणि सत्ता या गरजांच्या जोडीने तिचा अभ्यास केला. मराठीत या अर्थी 'संलग्नता'ऐवजी 'स्नेहबंधाची गरज' अशी शब्दयोजना अधिक सुबोध ठरते.

इंटरनेटवरील 'अ‍ॅफिलिएट मार्केटिंग'मध्ये एखाद्या दुव्यावरून विक्री झाल्यास दुवा देणाऱ्याला दलाली मिळते. येथे 'संलग्न' म्हणजे विक्रेत्याचा भागीदार किंवा कर्मचारी नव्हे. संबंध केवळ दलालीपुरता असतो.