हसवणे ही गंमत नव्हे : अभिनेत्री शुभा खोटे



स्नेहसंमेलनासाठी नाटुकल्याची निवड सुरू झाली की एक गोष्ट हमखास दिसते. विनोदी भूमिका बहुधा मुलांकडे जातात. मुलींच्या वाट्याला नाच, स्वागतगीत किंवा फार तर आईची भूमिका येते. मुलीने लोकांना हसवायचे म्हणजे स्वतःचे हसे करून घ्यायचे, असे अजूनही पुष्कळ घरांत मानले जाते. शिवाय विनोद म्हणजे थिल्लरपणा, त्याला अभ्यास तो कसला, हा दुसरा समज. हे दोन्ही समज ज्यांच्या कारकिर्दीने खोटे ठरवले, त्या शुभा खोटे यांची ओळख या लेखात करून घेऊ.

शुभाताईंचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी झाला. घरात कलेचा वारसा होता. वडील नंदू खोटे हे मराठी रंगभूमी आणि मूकपटांतील कलावंत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटातून घराघरांत पोचलेल्या दुर्गा खोटे या त्यांच्या काकू. 'शोले' (१९७५) मधला कालिया आठवतो ना? ती भूमिका करणारे विजू खोटे हे त्यांचे धाकटे बंधू. पण शुभाताईंनी पहिले नाव कमावले ते पडद्यावर नव्हे, मैदानावर! सायकल शर्यती आणि पोहणे या दोन्ही खेळांत त्यांनी राष्ट्रीय पातळीवर यश मिळवले. १९५० च्या दशकात मुलीने सायकल चालवणेच लोकांना नवल वाटे; तिथे शर्यत जिंकणे ही केवढी गोष्ट! मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले.

दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती यांच्या 'सीमा' (१९५५) या चित्रपटातून त्यांनी पदार्पण केले. नूतन आणि बलराज साहनी यांच्यासारखे कलावंत समोर असताना या नवख्या मुलीने साकारलेली पुतळी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. दोनच वर्षांनी 'पेइंग गेस्ट' (१९५७) मध्ये त्यांनी अगदी वेगळी भूमिका केली. पैशाच्या मोहाने वृद्ध वकिलाशी लग्न करणारी आणि पुढे मैत्रिणीच्याच संसारावर उठणारी चंचल त्यांनी अशी रंगवली, की प्रेक्षकांना तिचा राग यावा. म्हणजे विनोदी नटी म्हणून ओळख होण्याआधीच त्यांनी खलभूमिकाही करून दाखवली होती.

यानंतर जमले ते प्रसिद्ध त्रिकूट : मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ. 'छोटी बहन' (१९५९), 'ससुराल' (१९६१), 'जिद्दी' (१९६४), 'लव्ह इन टोकियो' (१९६६) अशा अनेक चित्रपटांत हे तिघे एकत्र आले. मेहमूद प्रेमात पडलेला तरुण, शुभाताई त्याची प्रेयसी, आणि मराठी रंगभूमीवरून आलेले धुमाळ बहुधा तिचे तापट वडील! मुख्य कथा गंभीर वळणावर गेली की या तिघांचा प्रवेश यायचा आणि प्रेक्षक मोकळेपणाने हसायचे. १९६१ सालच्या 'ससुराल' आणि 'घराना' या दोन्ही चित्रपटांसाठी सहाय्यक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्काराकरिता त्यांचे नामांकन झाले होते.

आता विनोद नेमका घडतो कसा ते पाहू. प्रवेशात एक जण वेडेवाकडे काही करतो, पण प्रेक्षक हसतात ते बऱ्याचदा समोरच्याचा चेहरा पाहून. चेंडू टाकणारा कितीही चांगला असला तरी झेलणारा नसेल तर खेळ रंगत नाही. मेहमूद धुमाकूळ घालत असताना शुभाताई तो प्रत्येक चेंडू नेमका झेलत. कुठे थांबायचे, कधी वळून पाहायचे, किती क्षण गप्प राहायचे, याचे भान सुटले की विनोद पडतो. क्षणभर उशीर झाला की शर्यत हातची जाते, हे ज्या मुलीने मैदानावर अनुभवले, तिला वेळेची ही किंमत वेगळी शिकवावी लागली नसेल.

पुढे काळ बदलला, जोड्या बदलल्या. अनेक विनोदी कलावंत अशा वेळी मागे पडले. शुभाताई मात्र चरित्र भूमिकांकडे वळल्या. 'एक दूजे के लिए' (१९८१) मध्ये तमिळ मुलगा आणि हिंदी भाषक मुलगी यांच्या प्रेमाला विरोध करणारी कठोर आई त्यांनी केली. मुलीच्या हातचा फोटो ही आई जाळून टाकते, तो प्रसंग पाहताना हीच बाई आपल्याला कधी काळी खदखदून हसवत होती यावर विश्वास बसत नाही.

आणि मग १९९३ साली दूरदर्शनवर आली 'जबान संभाल के' ही मालिका. 'माइंड युवर लँग्वेज' या इंग्रजी मालिकेवरून ती बेतलेली होती. पंकज कपूर हिंदीचे शिक्षक, आणि निरनिराळ्या प्रांतांतले व देशांतले लोक त्यांचे विद्यार्थी. संस्थेच्या करारी प्राचार्या होत्या शुभाताई. विजू खोटे वर्गातले मराठी विद्यार्थी झाले होते, तर शुभाताईंची कन्या भावना बलसावर हिचीही त्यात भूमिका होती. एकाच घरातील तिघे एकाच मालिकेत! इथेही शुभाताईंचा विनोद आरडाओरड्याचा नव्हता. प्राचार्या स्वतः हसत नसत, म्हणूनच आपण हसत होतो.

आपल्या बालाघाटला ही दोन्ही कामे जवळची वाटावीत. इथे घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी आणि जंगलपट्ट्यात गोंडी. 'एक दूजे के लिए' मध्ये भाषा ही दोन घरांमधली भिंत झाली. 'जबान संभाल के' मध्ये त्याच फरकातून हास्य फुलले. एकाच अभिनेत्रीने ही दोन्ही टोके दाखवली. मराठी घरात वाढून हिंदीत एवढे काम करता येते आणि त्यासाठी आपली भाषा सोडावी लागत नाही, हेही यातून आपल्या मुलांना कळावे.

२०२२ साली 'डबल एक्सएल' या चित्रपटात त्या आजीच्या भूमिकेत दिसल्या, तेव्हा पहिल्या चित्रपटाला ६७ वर्षे झाली होती. एवढी दीर्घ वाटचाल केवळ दैवाने होत नाही.

म्हणून पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. मुलींना मैदान द्या, सायकल द्या आणि रंगमंचावर विनोदी भूमिकाही द्या. यंदाच्या संमेलनात एखादी मुलगी तिरसट मास्तर किंवा भोळा हवालदार करायला पुढे आली, तर तिला मागे ओढू नका. टाळ्यांबरोबर हशाही मिळवता येणे हा मोठा गुण आहे, आणि तो सरावानेच येतो.