मागे बघ, चेटकीण आली!

परीकथा, गाणी, सोंगं आणि खुर्चीवर उभं राहून ओरडणारी मुलं! इंग्लंडमध्ये नाताळात रंगणाऱ्या या खेळाला ‘पँटोमाइम’ म्हणतात. नाव मूकनाट्याचं वाटतं, पण खलनायक मागून आला की सगळं प्रेक्षागृह नायकाला सावध करतं.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं बालनाट्य. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८च्या नव्या संचात ती वैभव मांगले यांनी केली. पँटोमाइममधली थोराड बाईसुद्धा बहुधा पुरुषच असतो. खानदेशातल्या जुन्या प्रेक्षकाला यात नवल ते काय? तमाशाच्या गवळणीतली ‘मावशी’ त्याने पाहिलेलीच असते आणि तिला बसल्या जागेवरून उत्तरंही दिलेली असतात.

राज्य बालनाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं केंद्र जळगावात असतं. इथल्या मुलांना नुसतं टाळ्या वाजवायला नव्हे, रंगमंचावर उभं राहायला जागा मिळते, हे मला फार मोलाचं वाटतं. मोठ्या प्रयोगांसाठी जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर.