लॅपटॉपचे वय तीन ठिकाणी मोजा

एएमडी कंपनीचा 'रायझन ५ ५६००यू' हा प्रोसेसर २०२१ मध्ये आला आणि 'रायझन ५ ७५२०यू' सप्टेंबर २०२२ मध्ये. दुसऱ्याचा आकडा मोठा, वर्षही नंतरचे, म्हणून दुकानात त्यालाच नवे मॉडेल म्हणणार. प्रत्यक्षात पहिल्यात सहा कोर आहेत, दुसऱ्यात चार. शिवाय ७५२०यू ज्या 'झेन २' रचनेवर बेतला आहे ती २०१९ मधली, तर ५६००यू त्यानंतरच्या 'झेन ३' रचनेचा. एकाच वेळी अनेक कामे उरकायची तर 'जुना'च पुढे राहतो.

भिलाईजवळच्या रिसालीत हा घोळ दरवर्षी बारावीच्या निकालानंतर घरोघरी होतो. भिलाई पोलाद कारखान्याच्या नोकरीमुळे विदर्भातून आलेली अनेक मराठी घरे या भागात आहेत. शेजारच्या नेवईत स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे. २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी भिलाई दुर्ग जिल्ह्यातच कुटेलाभाठ्याला आहे. मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळाला की लॅपटॉप हवाच. दुकानदार दोन खोकी पुढे करतो: एक गेल्या वर्षीचे, सवलतीत, दुसरे ताजे, पूर्ण किमतीत. निवड सोपी करायची तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लॅपटॉपला एकच वय नसते. चिपचे, बॅटरीचे आणि सॉफ्टवेअरचे वय वेगवेगळ्या गतीने वाढते.

चिप स्वतः फारशी झिजत नाही. म्हातारी होते ती तुलनेने, म्हणजे नव्या चिपा पुढे निघून गेल्यावर. हा वेगही आता मंदावला आहे. चिपवरच्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडले. संख्या वाढत राहिली, पण २००५ च्या सुमारास उष्णतेने वाट अडवली आणि घड्याळी वेग जवळपास थांबला. तेव्हापासून सुधारणा होते ती कोर वाढवून आणि विजेची बचत करून. त्यामुळे लागोपाठच्या दोन पिढ्यांमधला फरक टायपिंग, कोडिंग किंवा ऑनलाइन वर्गात क्वचितच जाणवतो. पाहायची ती नावातली खूण. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा अंक रचना सांगतो: ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. इंटेलच्या 'आय५-१२३५यू'मधले पहिले दोन अंक बारावी पिढी दाखवतात. पुढे इंटेलनेही नावे बदलली. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या 'कोअर ५ १२०यू'च्या आत तेराव्या पिढीचीच रचना होती.

बॅटरी मात्र खोक्यात बंद असतानाही म्हातारी होते. लिथियम-आयन घटातल्या ऋण पत्र्यावर एक पातळ थर जमत जातो आणि वीज वाहून नेणारे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. उष्णतेत ही क्रिया झपाट्याने होते. एका प्रचलित अंदाजानुसार ४० टक्के चार्ज केलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर पडून राहिली तर सुमारे ४ टक्के क्षमता गमावते, ४० अंशांत सुमारे १५ टक्के. आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठे जातो हे सांगायला नको. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलेले 'सीलबंद' मशीन म्हणूनच अगदी नवे नसते. खोक्यावरचा उत्पादनाचा महिना वाचावा. घरी आणल्यावर विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता यांतला फरक पाहावा. फरक मोठा असेल तर दुकानदाराला लगेच दाखवावा. कंपनी लॅपटॉपला तीन वर्षांची हमी देत असली तरी बॅटरीला ती बहुधा एकाच वर्षाची असते.

तिसरे वय सॉफ्टवेअरचे, आणि ते एका तारखेला अचानक संपते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीची, म्हणजे २०१७ नंतरची चिप लागते. दुरुस्त करून विकली जाणारी सहाव्या-सातव्या पिढीची मशीन स्वस्त मिळतात ती यामुळेच. लिनक्स वापरणाऱ्याला ती चालतील, इतरांनी मोहात पडू नये. रॅमही इथेच तपासावी. ८ जीबी रॅम मदरबोर्डवर पक्की बसवलेली असेल तर ती पुढे बहुधा वाढवता येत नाही.

आता वॉरंटी. प्लांटच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेल्यांना 'बाथटब कर्व्ह' नवा नाही. यंत्रे सुरुवातीला जास्त बिघडतात, कारण कच्चे सांधे आणि सदोष सुटे भाग तेव्हाच उघडे पडतात. मग बराच काळ शांततेचा जातो आणि अखेरीस झीज सुरू होते. कंपनीची पहिल्या वर्षाची हमी नेमकी सुरुवातीच्या चढावर असते. पैसे देऊन घेतलेली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची हमी बहुतांश सपाट भागावर पडते, म्हणून ती फार महाग नसावी. सांडलेला चहा, फुटलेला स्क्रीन यांना साध्या हमीत जागा नसते. रोज बस-दुचाकीवरून लॅपटॉप नेणाऱ्याने अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण पाहावे. 'ऑनसाइट' आणि 'कॅरी-इन' यांतला फरकही विचारावा. पहिल्यात तंत्रज्ञ घरी येतो, दुसऱ्यात मशीन केंद्रावर न्यावे लागते आणि ते केंद्र रायपूरला असेल तर सुमारे ३० किलोमीटरचा हेलपाटा ठरलेला. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि हमी बिलाच्या तारखेपासून धरली आहे ना, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावे. दाद मागायची वेळ आलीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो तिथेच करता येते.

शेवटी किंमत. ती एकूण न पाहता वर्षाला किती पडते ते काढावे. समजा नवे मशीन ५४,००० रुपयांचे आहे आणि सहा वर्षे चालेल असे वाटते. वर्षाला ९,००० झाले. जुने मॉडेल चारच वर्षे पुरणार असेल तर ते ३६,००० च्या आत मिळाले तरच स्वस्त. ४५,००० ला मिळत असेल तर ती सवलत केवळ फलकावरची. पण चिपची रचना तीच, रॅम १६ जीबी, उत्पादनाचा महिना अलीकडचा आणि हमी पूर्ण असेल, तर गेल्या वर्षीचे मॉडेलही सहा वर्षे चालेल. अशा वेळी नऊ हजारांची सूट ही खरी बचत आहे, आणि ताज्या मॉडेलचा हट्ट धरायला कारण उरत नाही.