योगग्रंथांतील मुद्रा, हस्तमुद्रा व रोगनिवारण

मराठी दफ्तरें चाळणाऱ्यास 'मुद्रा' हा शब्द नवा नाहीं. राजपत्राच्या शिरोभागीं मुद्रा आणि शेवटीं मोर्तब. मोर्तब झालें म्हणजे त्याखालीं कोणीं अक्षरही वाढवूं नये. योगग्रंथांतील मुद्रा समजून घेण्यास हाच 'शिक्का मारून बंद करणें' हा अर्थ प्रथम ध्यानीं धरावा. तसें न केल्यामुळें हस्तलिखितांच्या याद्यांत घोटाळा होतो. 'मुद्रालक्षण' किंवा 'मुद्राविधि' अशा मथळ्याचीं चार पानें हातीं आलीं कीं तीं योगाच्या सदरांत घालण्याचा मोह होतो, आणि अलीकडे तर वैद्यकाच्याही. बोटें जुळविल्यानें दमा, संधिवात, हृद्रोग हटतात असें सांगणारीं पुस्तकें 'ऋषिप्रणीत योगशास्त्र' म्हणून खपतात, आणि एखादा रोगी त्यांवर विसंबून औषध सोडतो. तेव्हां पोथी खरोखर काय म्हणते हें पाहणें अगत्याचें आहे.

हठयोगांतील महामुद्रा, महाबंध व महावेध या त्रयीचें जुनें विवेचन 'अमृतसिद्धि' या इ. स. च्या ११ व्या शतकाच्या सुमाराच्या ग्रंथांत आढळतें. त्याची चिकित्सित आवृत्ति २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १५ व्या शतकांत स्वात्मारामानें 'हठप्रदीपिके'च्या तिसऱ्या उपदेशांत मुद्रा दहा सांगितल्या : वरील तीन, शिवाय खेचरी, उड्डीयान, मूलबंध, जालंधर, विपरीतकरणी, वज्रोली आणि शक्तिचालन. 'घेरंडसंहिते'नें ही संख्या २५ वर नेली. या यादींत बोटांच्या जुळणीची अशी एकही मुद्रा हठप्रदीपिकेंत नाहीं. महामुद्रेंत डाव्या टांचेनें शिवणीचें स्थान दाबावयाचें, उजवा पाय लांब करून त्याचें पाऊल दोन्ही हातांनीं धरावयाचें, आणि कंठ आंवळून वायु कोंडावयाचा. हातांचें काम एवढेंच, पाय धरण्याचें. घेरंडांतील योनिमुद्रेंत बोटांनीं कान, डोळे, नाक व तोंड मिटावयाचें असतें. पण तेथेंही बोटें दारें लावण्यापुरतीं आहेत.

रोगनिवारणाचीं वचनें या ग्रंथांत भरपूर आहेत, पण तीं या शरीरबंधांना लागून आलेलीं आहेत. महामुद्रेनें क्षय, कुष्ठ, गुदावर्त, गुल्म व अजीर्ण जातात असें हठप्रदीपिका म्हणते. घेरंड त्यांत कास, प्लीहा आणि ज्वर घालतो. जालंधरबंधानें कंठाचे विकार जातात. या दाव्यांमागील उपपत्ति आयुर्वेद जाणणाऱ्यास परकी वाटणार नाहीं. मूलबंधानें अपान वर ओढावा, तो जठराग्नीशीं भिडावा, आणि अग्नि फुंकल्यासारखा पेटावा. विपरीतकरणीसंबंधीं तर ग्रंथकार बजावतो कीं, साधकानें भरपूर खावें, नाहींतर पेटलेला अग्नि देहच जाळील. हीं फळें आजच्या वैद्यकानें सिद्ध झालेलीं आहेत असें माझें म्हणणें नाहीं. पण दाव्याचें मूळ स्थान तें हें.

मराठींत याची साक्ष ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) सहाव्या अध्यायांत आहे. तेथें मूळबंध, जालंधर व उड्डीयान यांचें सविस्तर वर्णन असून, कोंडलेला वायु व्याधि उघड करतो आणि लगेच घालवितो, असेंही म्हटलें आहे. हातांविषयीं मात्र ज्ञानदेव एवढेंच सांगतात कीं, त्यांचें संपुट आपोआप डाव्या चरणावर येऊन बसतें. आपोआप घडणाऱ्या या गोष्टीला ते कोणतेंही फळ जोडीत नाहींत.

मग बोटांच्या मुद्रा आल्या कोठून? त्यांचें घर पूजा, न्यास व जप हें आहे. मुद् म्हणजे देवांना आनंद देणें आणि द्रु म्हणजे त्यांचें मन द्रववणें, अशी मुद्रेची व्युत्पत्ति 'कुलार्णवतंत्र' देतो. शिक्क्याचा अर्थ येथें मागें पडतो. संध्येच्या पोथ्यांत गायत्रीजपापूर्वीं सुमुख, संपुट, वितत इत्यादि २४ मुद्रा आणि जपानंतर सुरभि, ज्ञान, वैराग्य, योनि, शंख, पंकज, लिंग, निर्वाण या आठ येतात. आजच्या पुस्तकांतही एक लिंगमुद्रा आहे. ती कफावर सांगतात. नांव एक, प्रयोजन निराळें.

सर्वांत बोलका पुरावा पंचमहाभूतांचा आहे. आधुनिक पद्धतींत अंगठा अग्नि, तर्जनी वायु, मध्यमा आकाश, अनामिका पृथ्वी व कनिष्ठिका जल असें धरतात, आणि सारें निदान त्यावर चालतें. प्रचलित मानसपूजेंत गंध पृथ्वीरूपानें कनिष्ठिकेनें, नैवेद्य अमृतरूपानें म्हणजे जलतत्त्वानें अनामिकेनें, दीप अग्निरूपानें मध्यमेनें, धूप वायुरूपानें तर्जनीनें व पुष्प आकाशरूपानें अंगठ्यानें अर्पितात. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाणारा हा सरळ क्रम आहे. आधुनिक मांडणींत असा क्रम दिसत नाहीं. पांचांपैकीं एका तर्जनीवरच दोघांचें एकमत! अंगठा व अनामिका जुळवून आज जिला 'पृथ्वीमुद्रा' म्हणतात, ती पूजकाच्या हिशेबीं जलाची ठरते. 'वरुणमुद्रा' म्हणतात ती पृथ्वीची. दोहोंचें मूळ एकच आहे असें म्हणणाऱ्यानें या फरकाचा उलगडा केला पाहिजे.

हातानें रोग हरण करण्याची जुनी परंपरा मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. विषवैद्यांच्या गारुडतंत्रांत ती आहे. 'क्रियाकालगुणोत्तरा'सारख्या ग्रंथांत मांत्रिक गरुडाच्या मंत्राचीं अक्षरें महाभूतांसह आपल्या बोटांवर स्थापितो आणि त्या हातानें सर्पदष्टावर उपचार करतो. पण तो हात वैद्याचा; रोग्यानें स्वतःचीं बोटें जुळवून बसावें असें तेथें नाहीं. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांतही हस्तमुद्रा ही चिकित्सा म्हणून येत नाहीं.

नवी पोथी कांहीं निराळें सांगणारच नाहीं असा हट्ट धरूं नये. हठप्रदीपिकेचे चार उपदेश सर्वश्रुत असतां, अभ्यासांत चुकून उद्भवणाऱ्या विकारांवरील उपचारांचा पांचवा उपदेश असलेल्या प्रति मिळाल्या आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामानें त्या पाठाची आवृत्ति १९७० सालीं काढली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांतील 'हठाभ्यासपद्धति'च्या पोथीनें, तींतील ११२ आसनांमुळें, आसनांच्या इतिहासाविषयींच्या समजुती बदलल्या. म्हणून 'मुद्रा' नांवाचीं सुटीं पानें हातीं आलीं तर चार गोष्टी टिपून ठेवाव्या : मुद्रेबरोबर देवता व बीज आहे कीं श्वासाचा निरोध; बोटांस महाभूतें कोणत्या क्रमानें दिलीं आहेत; रोगाचें नांव मूळ पाठांत आहे कीं मागाहून निराळ्या शाईनें समासांत लिहिलेलें; आणि लेखनाचा शक दिला आहे किंवा कसें. शकासह, मूळ हातानें लिहिलेली, रोग्याच्याच बोटांची चिकित्सा सांगणारी जुनी प्रत कोणाच्या संग्रहांत असल्यास ती प्रथम छापली पाहिजे.